वरून कोरडी, खालून ओली: मातीतल्या झुरळांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मातीत आणि वाळूत पुरून राहणाऱ्या झुरळांवर छोटं टिपण होतं. ही झुरळं मोरीतली नव्हेत, ती कुजका पाला खाऊन जगतात आणि डब्यात पाळता येतात, एवढाच त्याचा मथितार्थ. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातून पत्रं आली. काही कुतूहलाची, काही किळसेची, आणि बरीचशी ‘आमची मेली, का?’ अशी. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माझा मुलगा दहावीला आहे. परड्यातल्या खोलीत डबा भरून माती ठेवलीय आणि त्यात झुरळं आहेत म्हणतो. सासूबाई म्हणतात, आज डब्यात आहेत, उद्या घरभर होतील. डबा राहू द्यावा की फेकून द्यावा?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

आधी डब्यात नेमकं काय आहे ते बघा. जगात झुरळांच्या सुमारे ४,५०० जाती माहीत आहेत, त्यातल्या जेमतेम तीसेक माणसाच्या घराशी संबंध ठेवून आहेत. आपल्या मोरीत फिरतं ते मोठं तांबूस झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, आणि हॉटेलच्या कपाटात दिसतं ते बारकं म्हणजे ब्लॅटेला जर्मानिका. मुलाने हे पकडून ठेवले असतील तर सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मातीत राहणारी जात असेल तर भीतीचं कारण नाही. तिला लपायला भुसभुशीत माती लागते, अंडी घालायला ओल लागते, कात टाकायलाही ओल लागते. फरशीवर निसटलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत वाळून मरतं, नाहीतर पालीच्या पोटात जातं.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. झुरळ कुठलंही असो, त्याची विष्ठा आणि कातीचा भुगा नाकात गेला तर काहींना शिंका येतात, दमा असलेल्याला धाप लागते. त्यामुळे माती चाळायचं काम अंगणात करायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि नंतर साबणाने हात धुवायचे. घरात कुणाला दमा असेल तर डबा झोपायच्या खोलीत नको, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तर नकोच. हे पाळत असेल तर ठेवू द्या.

गोठ्याच्या भिंतीकडच्या भुसभुशीत मातीत आणि शेणखताच्या ढिगात चपटे, तपकिरी, बिनपंखी किडे निघतात. फावडं मारलं की लगेच खाली घुसतात. वाळूचं झुरळ म्हणतात ते हेच काय?
(एक शेतकरी वाचक, अथणी तालुका)

शेणखतात निघालेत म्हणजे बहुतेक नाही. ते पिक्नोस्केलस असावं. बागेत, कुंडीत, खतात हटकून सापडणारं हे झुरळ. ओळखायची खूण पिल्लात असते: अंगाचा पुढचा भाग तेल लावल्यासारखा चकाकतो आणि शेपटीकडचा तेवढा भाग खरबरीत, निस्तेज दिसतो. मोठ्या झुरळाला अंगभर पंख असतात. सुरिनामेन्सिस या त्याच्या जातीत तर नराशिवाय मादीच माद्या घालत जाते, त्यामुळे एक किडा पुरे, कुंड्या भरून जातात. पाळायला सगळ्यांत सोपं, पण बागेतल्या कोवळ्या मुळ्या खातं, म्हणून हौसेने सोडू नका. आणखी एक: कोंबडीच्या डोळ्यात होणाऱ्या जंताची, ऑक्सिस्पायरुरा मॅन्सोनायची, अळी याच झुरळाच्या पोटात वाढते. खतातली झुरळं वेचून कोंबड्यांना टाकायची सवय असेल तर ती मोडा.

खरं वाळूचं झुरळ वेगळं. पॉलिफॅगा या वंशातली झुरळं उत्तर आफ्रिकेपासून पश्चिम आशियामार्गे आपल्या उपखंडापर्यंत पसरली आहेत. आपल्याकडच्या जातीचं नाव पॉलिफॅगा इंडिका. मादीला पंख नसतातच. ती लंबगोल, पाठीला फुगीर आणि बिनचमकीची असते, कडेला आणि मानेवरच्या ढालीवर बारीक लव. नराला मात्र पूर्ण पंख असतात आणि तो रात्री दिव्याकडे येतो. दोघं इतके वेगळे दिसतात की एकाच जातीचे वाटत नाहीत. तुमच्या किड्यांत चकाकी असेल तर पिक्नोस्केलस, लव असेल तर पुन्हा लिहा.

अमेरिकेत अरेनिवागा नावाची वाळवंटी झुरळं पाळतात. ती परदेशातून मागवता येतील का? आणि ती हवेतून पाणी पितात हे खरं का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात पाळणाऱ्याला शिकण्यासारखं आहे. हो, खरं आहे. अरेनिवागाची मादी आणि पिल्लं हवेतली वाफ शोषून घेतात, मोठा नर मात्र नाही. एडनी या संशोधकाने १९६६ मध्ये ते मोजून दाखवलं. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८२ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच हे जमतं. तोंडातून दोन बारीक फुगे बाहेर काढले जातात, त्यांच्यावर वाफ धरते आणि पाणी आत जातं. वाळवंटात एवढी ओल हवेत कुठून येणार? ती वर नसतेच. झुडपाच्या मुळाशी, काही वीत खोल वाळूच्या कणांमधल्या हवेत असते. दिवसा खाली उतरायचं, रात्री वर यायचं, असा त्यांचा दिनक्रम. म्हणजे वाळवंटातलं झुरळसुद्धा खरं तर दमट जागीच राहतं. ‘वाळूचं झुरळ आहे, कोरडंच ठेवू’ या समजुतीनेच बहुतेक डबे संपतात.

मागवण्याबद्दल: नको. परदेशी जिवंत कीटक आणण्यावर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने निर्बंध आहेत, परवानगीशिवाय टपालाने मागवणं बेकायदा. आणि गरजही नाही. जगभरचे हौशी लोक ज्याच्या मागे असतात ते सातठिपक्यांचं झुरळ, थेरिया पेटिव्हेरियाना, मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं. काळंभोर, गोलसर, पाठीवर सात पांढुरके ठिपके. वरच्या पंखावर चार, खाली अर्ध्या झाकलेल्या पंखावर तीन, आणि झाकलेला भाग नारिंगी. पिल्लं वर्षभर मातीत आणि पाल्याखाली असतात. मोठी झुरळं बाहेर पडतात ती नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या सुरुवातीला. मृगाचा लाल मखमली किडा दिसायला लागला की संध्याकाळी खुरट्या झुडपांच्या माळावर, पाला साठलेल्या जागी हुडकायला हरकत नाही.

हुडकताना दोन गोष्टी. भीमगड अभयारण्य, घटप्रभा पक्षी अभयारण्य अशा राखीव जागांतून एकही किडा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि सहा ठिपक्यांच्या काळ्या भुंगेऱ्याला, अँथिया सेक्सगुटाटाला, हात लावायचा नाही. झुरळाने ज्याची नक्कल केलीय असं मानतात तो हाच. हा भुंगेरा मागून आम्लाची पिचकारी मारतो, डोळ्यात गेली तर भारी पडते. आधी ठिपके मोजा, मग वाका. पाच-सहा जोड्या पुष्कळ झाल्या, सगळा माळ रिकामा करायचा नाही.

डबा कसा तयार करायचा ते मापासकट सांगा. माती किती, वाळू किती, पाणी किती? ‘थोडं’, ‘बेताचं’ असं नको.
(एक वाचक, चिकोडी)

बरं, मापासकट. वीस लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, तळ साधारण ४० बाय ३० सेंटीमीटर, उंची २० च्या आसपास. अर्धपारदर्शक असला तर आतली ओल कडेने दिसते. पूर्ण काळा नको. एवढ्यात पंचवीस-तीस पिल्लं किंवा दहा-बारा मोठी झुरळं आरामात राहतात.

झाकणात समोरासमोर दोन खिडक्या कापा, प्रत्येकी ८ बाय ४ सेंटीमीटर. त्यावर बारीक स्टीलची जाळी ग्लू-गनने चिकटवा. नायलॉनची मच्छरदाणी लावू नका, ती कुरतडली जाते आणि तिच्या भोकांतून बारीक माश्या आत जातात. डब्याच्या वरच्या काठाला आतून ३ सेंटीमीटर रुंद पेट्रोलियम जेलीचा पातळ पट्टा ओढा.

सातठिपक्यांच्या झुरळासाठी मिश्रण: कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) ५ लिटर, बारीक वाळू ४ लिटर, चुरलेला कुजका पाला ४ लिटर. मिळून १३ लिटर. दाबून बसलं की १० सेंटीमीटरचा थर होतो. त्यापेक्षा उथळ थर ठेवू नका, ओल आणि कोरड यांत फरकच राहत नाही. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट ४ लिटर पाण्यात फुगवली की ८-९ लिटर होते, म्हणजे एका विटेत एक डबा होऊन उरतं. नव्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून कापडात बांधून दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि घट्ट पिळा.

वाळूबद्दल जरा सविस्तर, कारण इथंच जास्त चुका होतात. नदीची बारीक वाळू गवंड्याच्या बारीक चाळणीने चाळा, बादलीत ढवळून गढूळ पाणी ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बांधकामावरची एम-सँड चालत नाही. ती खडी फोडून केलेली, तिचे कण टोकदार असतात आणि नुकतीच कात टाकलेल्या मऊ पिल्लाचं अंग खरचटतं. नदीच्या कणाची टोकं पाण्याने घासलेली असतात. गोव्याहून येताना किनाऱ्यावरची वाळू आणणारेही आहेत. ती खारी, कितीही धुतली तरी भरवसा नाही. अथणीकडची काळी माती तर मुळीच नको: ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडतात, बिळं टिकत नाहीत.

पाला उंबर, वड, पेरू, आंबा यांचा, झाडाखाली पडून तपकिरी झालेला. द्राक्षबागेच्या किंवा उसाच्या बांधावरचा नको, फवारणीचा अंश असतो. कडुनिंबाचा पाला कीड लागू नये म्हणून घालणारे लोक आहेत. त्यांच्या डब्याला कीड खरोखरच लागत नाही, कारण झुरळंही उरत नाहीत. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्याला कात टाकू देत नाही. नीलगिरीही टाळा. पाला उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, निथळून, एक दिवस सावलीत पसरून मग वापरा.

आता पाणी. कोपऱ्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा १८ सेंटीमीटरचा तुकडा उभा पुरा, खालच्या तोंडाला जाळी बांधून. पाणी वरून शिंपडायचं नाही, या नळीतून तळाशी सोडायचं. पहिल्यांदा ३०० मिलिलिटर. नंतर उन्हाळ्यात आठवड्याला १५० ते २००, हिवाळ्यात १००. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे दोन-दोन आठवडे काही लागत नाही. तळाचं मिश्रण मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी आलं तर जास्त झालं. वरचे दोन-अडीच सेंटीमीटर मात्र कोरडे, पिठासारखे भुरभुरीत. मग किडा त्याला हवी ती जागा स्वतः निवडतो. आपण फक्त दोन्ही टोकं उपलब्ध ठेवायची.

पॉलिफॅगासाठी याच डब्यात वाळू ९ लिटर, कोकोपीट ४ लिटर, पाला वर दोन मुठी. पाणी निम्मं, आणि नळीच्या बाजूचा तिसरा हिस्सा तेवढाच ओला.

तापमान २४ ते ३० अंश उत्तम. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वाढ जवळजवळ थांबते. मरत नाहीत, फक्त वेळ लागतो. डबा फ्रिजच्या पाठीमागे किंवा उंच फळीवर ठेवा. बल्ब लावून ऊब देऊ नका, माती वरून खालपर्यंत वाळते. अथणीकडे एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण: पत्र्याखाली डबा असेल तर आतलं तापमान चाळिशी ओलांडतं. डबा जमिनीवर, भिंतीच्या सावलीला, पोत्यावर ठेवा.

माझ्या डब्यात जुलैपासून पांढरी बुरशी आली. दोन पिल्लं मेली. एक पिल्लू पूर्ण पांढरं आहे, त्याला पण बुरशी झाली का?
(इयत्ता नववीतला विद्यार्थी, खानापूर)

पांढरं पिल्लू अगदी ठणठणीत आहे. त्याने नुकतीच कात टाकली आहे, काही तासांत परत तपकिरी होईल. तोवर त्याला बोट लावू नकोस, अंग लोण्यासारखं मऊ असतं.

बुरशीचं कारण तुझ्याकडचा पाऊस आणि बंद हवा. पाणी घालणं थांबव. वरचा पाला आणि बुरशी आलेलं सगळं चमच्याने काढून टाक. झाकणाला आणखी एक खिडकी काप आणि डबा चुलीच्या खोलीत, धुरापासून लांब, आठवडाभर ठेव. कोरडा पाला नव्याने घाल. मातीत उड्या मारणारे बारीक पांढरे किडे दिसले तर मारू नकोस. ते कोलेंबोला, बुरशी खाऊन तुझंच काम करतात. काजूच्या किंवा फणसाच्या झाडाखालच्या ओल्या पाल्यात ते मिळतील. चमचाभर माती आणून टाकली तरी पुरते, पण तिच्यात गोम नाही ना, हे पांढऱ्या कागदावर पसरून बघ.

तीन महिने झाले, एकही दिसत नाही. जिवंत आहेत की नाहीत?
(एक वाचक, हुक्केरी)

उकरू नका. रात्री नऊनंतर लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा. खाण्यात चरे पडत असतील, मातीवर नांगरल्यासारख्या बारीक रेघा असतील तर आहेत. रोज उकरलेल्या डब्यात पिल्लं कात टाकताना मरतात. दिसणारंच जनावर हवं असेल तर मासे पाळा.

खायला काय घालायचं? आणि रात्रीत सगळी उलटी पडून तडफडत होती, असं का व्हावं?
(निपाणी आणि शहापूर-बेळगाव येथून दोन पत्रं)

मुख्य अन्न कुजका पाला. तो डब्यात कायम असला पाहिजे, उपाशी पिल्लं एकमेकांची कात आणि पंख खातात. त्यावर जोड म्हणून आठवड्यातून दोनदा माशांचं किंवा कुत्र्याचं कोरडं खाद्य कुटून, पंचवीस पिल्लांना पाव चमचा, बाटलीच्या झाकणात. गाजराची किंवा रताळ्याची चकती, घरच्या केळ्याचं साल, सफरचंदाची फोड, नखाएवढी. अठ्ठेचाळीस तासांत संपलं नाही तर काढून टाका. प्रथिनांसाठी रोज अंडं घालणाऱ्यांच्या डब्यात दुसरंच काहीतरी पैदा होतं, ते पुढे पांढऱ्या पुडीच्या प्रश्नात. बाजारातलं फळ सोलून घाला.

उलटी पडून पाय झाडत होती म्हणजे विष. डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये आणि कॉईलमध्ये पायरेथ्रॉइड असतं. माणसाला त्या मात्रेत काही होत नाही, पण ते कीटकनाशकच आहे, आणि डब्यातलं झुरळ हा कीटकच आहे. त्या खोलीत ते लावायचं नाही, मच्छरदाणी लावा. झुरळांचा पांढरा खडू तर घरातही ओढू नका. त्याची पूड हाताला लागून डब्यात जाते. मुंग्या येतात म्हणून खडू ओढावासा वाटतो, हे खरं. त्यापेक्षा डबा पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाका.

निपाणीकरांसाठी वेगळं सांगायला हवं. तंबाखूच्या वखारीत काम करून आलेल्या किंवा नुकतीच तंबाखू मळलेल्या हाताने खाद्य घालू नका. निकोटीन हे फार जुनं कीटकनाशक आहे. बोटांवरची पूडही लहान पिल्लांना पुरते. साबणाने दोनदा हात धुवा किंवा चिमट्याने घाला.

मातीत शेंगदाण्याच्या अर्ध्या पाकळीसारख्या, कडेला करवतीसारखे दाते असलेल्या गोष्टी निघाल्या. अंडी असतील म्हणून वाटीत ठेवली. चार महिने झाले, पिल्लं नाहीत. दुसऱ्या डब्यात माद्या आहेत पण आता नरच उरले नाहीत. काय चुकलं?
(एक वाचक, संकेश्वर)

त्या अंड्यांच्या कुप्याच. बाकी दोन चुका झाल्या, आणि दोन्ही नेहमीच्या.

आधी कुप्या. मादी कुपी काही दिवस शेपटीशी धरून हिंडते, मग ओलसर मातीत सोडून देते. कोरड्या वाटीत ठेवली की आतली अंडी वाळतात, कारण कुपी बाहेरून ओल घेत असते. महिन्यातून एकदा माती चाळा: ५ मिलिमीटरच्या चाळणीतून झुरळं वेगळी होतात, त्याखाली ३ मिलिमीटरच्या चाळणीत कुप्या राहतात. हलवायची ती हळूच, दणका देऊन नाही. कुप्या सुजीच्या डब्याएवढ्या लहान डब्यात, ५ सेंटीमीटर ओलसर वाळू-कोकोपीट निम्मं निम्मं, त्यात एक सेंटीमीटर खोल आडव्या पुरा. झाकणाला सुईने पंधरा-वीस भोकं. २६ ते २८ अंशांवर सातठिपक्यांच्या झुरळाची पिल्लं साधारण अडीच ते पाच महिन्यांत निघतात. थंडी मध्ये आली तर आणखी उशीर. म्हणून सहा महिन्यांच्या आत कुपी फेकायची नाही.

कुपी फुगीर, गडद आणि कडक असेल तर ठीक. बाजूला खळगा पडला असेल तर ओल कमी आहे, त्याच दिवशी पाणी द्या, थोडा खळगा भरून येतो. चिमटीत दबते किंवा वास मारते ती गेली. वर पांढरा कापूस धरला असेल तर ती बहुधा फळलेलीच नव्हती, बाजूच्यांना लागण व्हायच्या आत काढा. निघालेली पिल्लं तांदळाच्या कणीएवढी असतात. त्यांना महिनाभर त्याच डब्यात, बारीक चुरलेल्या पाल्यावर ठेवा, मोठ्या डब्यात हरवतात.

आता नरांचं. या गटात नर कमी वेळा कात टाकून लवकर मोठा होतो, मादीला जास्त कात टाकाव्या लागतात. पॉलिफॅगात हा फरक काही महिन्यांचा असतो. त्यात पंख फुटलेला नर फार तर महिना-दोन महिने जगतो, मादी वर्षभरही. एकाच कुपीतली, एकाच वयाची पिल्लं पाळली की नर आधी येऊन मरून जातात आणि माद्या नंतर वयात येतात. तुमचं तेच झालं. उपाय एकच, दर दोन-तीन महिन्यांनी नवी पिल्लं मिसळत राहायची, म्हणजे कुठल्याही वेळी डब्यात वेगवेगळ्या वयाचे किडे असतील. घाई असेल तर नरपिल्लांचा वेगळा डबा करून तो थंड जागी, २०-२२ अंशांवर ठेवा, खाणंही निम्मं. वाढ लांबते. पिल्लाचं लिंग पोटाकडून कळतं: शेवटचा पट्टा एकच, मोठा आणि रुंद असेल तर मादी; शेवटाला दोन-तीन अरुंद पट्टे दिसले तर नर. भिंगाने बघा, पिल्लू काचेच्या बरणीत ठेवून खालून.

सातठिपक्यांच्या झुरळात दोघांनाही पंख असतात आणि ते साधारण बरोबरीने येतात, त्यामुळे ही कटकट कमी. पिल्लू ते मोठं व्हायला आठ महिने ते वर्ष, मोठं झाल्यावर तीन-चार महिन्यांचं आयुष्य. पहिल्यांदा पाळणाऱ्याने यानेच सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. पॉलिफॅगा नंतर.

डब्याच्या कडेला पांढरी पूड पडल्यासारखी दिसते आणि ती हलते.
(चार-पाच पत्रं)

माइट, म्हणजे अगदी बारीक किडे. धान्यातले, ओल्या खाद्यावर वाढणारे. ते झुरळाला खात नाहीत, पण हजारोंनी झाले की पिल्लांच्या अंगावर, श्वासाच्या भोकांवर बसतात आणि पिल्लं कात टाकू शकत नाहीत. मूळ कारण जवळजवळ नेहमी उरलेलं ओलं खाद्य.

सगळं कोरडं आणि ओलं खाद्य दोन आठवडे बंद, फक्त पाला. नळीतलं पाणी बंद. रोज रात्री कलिंगडाची किंवा बटाट्याची साल उपडी ठेवा, सकाळी माइटांनी भरलेली साल उकळत्या पाण्यात टाका. आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही तर झुरळं चाळून नव्या मिश्रणात हलवा. जुनं मिश्रण उन्हात पसरून टाका. कुप्या मऊ ब्रशने पुसून घ्या. माइट मारायचं औषध फवारू नका, त्याने झुरळंही मरतात.

चीनमध्ये अशी झुरळं औषधासाठी पाळतात म्हणे. धंदा होईल का?
(एक वाचक, रायबाग)

पाळतात. युपॉलिफॅगा सायनेन्सिस या जातीच्या बिनपंखी माद्या वाळवून तिकडच्या पारंपरिक औषधांत वापरतात. ती आपल्याकडची जात नाही. इथल्या किड्याची पूड करून कुणाला खायला घालू नका. बाहेरदेशी पाठवायचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो. एका पिढीला वर्ष लावणाऱ्या किड्यावर कोंबडीखाद्याचं गणितही बसत नाही.

गोकाकच्या मित्राला दहा पिल्लं बसने पाठवायची आहेत. कशी बांधू?
(एक वाचक, बेळगाव)

अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची प्लास्टिक बरणी, झाकणाला सुईने दहा भोकं. आत पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला पाला, तीन चतुर्थांश भरेल इतका, दाबून नाही. वाळू घालू नका, धक्क्यांनी ती खाली बसते आणि पिल्लं चेंगरतात. फळाची फोडही नको, बरणीच्या भिंतीवर पाणी धरतं आणि पिल्लं त्यात चिकटतात. कात टाकायच्या बेतात असलेली, म्हणजे अंग फुगून पट्ट्यांमधली पांढरी कातडी दिसत असलेली पिल्लं मागे ठेवा. बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत धरा. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवायची नाही, खालून इंजिन तापतं. पोचल्यावर मित्राने बरणी तासभर तशीच सावलीत ठेवावी आणि मग पाल्यासकट नव्या डब्यात उपडी करावी.